उपासाचा दिवस आणि रक्ताचा दाब

ज्येष्ठांतील निर्जला एकादशी होती. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागांत त्या दिवसांत ऊन कसें असतें, तें तेथें राहिलेल्यालाच कळावें. नांदुऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यांत माझ्या आत्याबाई राहत असत. वय पासष्टीच्या घरांत, प्रकृति काटक, आणि पन्नास वर्षांत एकहि एकादशी मोडलेली नाहीं. रक्तदाबाची गोळी मात्र त्यांना दोन वर्षांपूर्वीं लागू झाली होती. त्या दिवशीं पहाटे त्यांनीं विचार केला, कीं घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी तर व्रत मोडतें, न घ्यावी तर डॉक्टर रागावतात. म्हणून त्यांनीं ती कोरडीच गिळली. दुपारीं पोथी संपवून त्या पाटावरून उठल्या आणि देवघराच्या उंबऱ्यावरच भोवळ येऊन पडल्या. मनगट मोडलें, याहून अधिक कांहीं झालें नाहीं, ही देवाची कृपा. पण शुद्धीवर आल्यावर त्यांनीं पहिला प्रश्न केला तो हा : "अरे, गोळी घेतली म्हणून पडलें, कीं उपास केला म्हणून?"

श्रोतेहो, त्या वेळीं मला या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. परंतु हा प्रश्न एकट्या आत्याबाईंचा नाहीं, हें पुढें लक्षांत आलें. आपल्या बहुतेक घरांत आज एका फडताळांत पंचांग असतें आणि दुसऱ्यांत औषधाच्या गोळ्या. पंचांग सांगतें एक, डॉक्टरांची चिठ्ठी सांगते दुसरें, आणि दोहोंच्या मध्यें घरची सून उभी असते. तेव्हां उपवासानें रक्ताच्या दाबावर काय परिणाम होतो, हें मनुष्यजातीला कसकसें कळत गेलें, त्याचा इतिहास थोडक्यांत सांगावा, असें मीं योजिलें आहे.

प्रथम आमच्या जिल्ह्याविषयीं दोन शब्द. बुलढाणा जिल्हा दोन पायऱ्यांवर वसलेला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा प्रदेश. आणि खालीं पूर्णा नदीच्या खोऱ्यांत मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद हा घाटाखालचा. हवा निराळी, पाणी निराळें. पण उपासतापासांच्या बाबतींत दोन्ही सारखेच निष्ठावंत. शेगांवचे श्रीगजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजीं समाधिस्थ झाले. तो दिवस ऋषिपंचमीचा होता. आणि ऋषिपंचमी ही स्वतःच व्रताची तिथि, त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य. त्यामुळें शेगांवास त्या दिवशीं उत्सवहि असतो आणि आलेल्यांपैकीं कित्येक स्त्रियांचा उपासहि असतो. श्रावणांतले सोमवार, भाद्रपदांतली हरितालिका, आषाढी-कार्तिकी, महाशिवरात्र, हीं घरोघरचीं. पर्युषणांत पेठांतील जैन कुटुंबांत अठाई, म्हणजे सलग आठ दिवसांचा उपवास, होतो. रमजानांत मुसलमान कुटुंबांत महिनाभर रोजे चालतात.

या सर्वांस आपण 'उपवास' हा एकच शब्द लावतों, आणि घोटाळ्यास येथूनच आरंभ होतो. शरीराच्या दृष्टीनें हे चार अगदीं निरनिराळे प्रकार आहेत. निर्जला एकादशीस अन्नहि नाहीं आणि पाणीहि नाहीं, पण मुदत एका दिवसाची. फराळी उपासांत अन्न सुटत नाहीं, केवळ बदलतें. रोज्यांत पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत कोरडें राहावयाचें, आणि नंतर जेवावयाचें, असें महिनाभर. अठाईंत अन्न मुळींच नाहीं. उकळलेलें पाणी तेवढें दिवसा चालतें, आणि तें कित्येकदां तेंहि सोडतात. या चारांचा परिणाम एकच कसा असावा?

आपल्या पूर्वजांनीं हा भेद ओळखला होता. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचें एक संपूर्ण खंड व्रतांना वाहिलेलें आहे. देवगिरीहून आमचा सिंदखेड कांहीं फार दूर नव्हे. आणि ज्या बांधणीला लोक या हेमाद्रीच्याच नांवावरून 'हेमाडपंती' म्हणतात, तिचा एक उत्कृष्ट नमुना, दैत्यसूदनाचें देऊळ, आमच्या लोणारास उभा आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पांचव्या खंडांत, १९५८ सालीं, या व्रतसाहित्याचा साक्षेपानें परामर्श घेतला आहे. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती ही कीं शास्त्रकारांचा उपवास आंधळा नव्हता. एकादशीचा नियम आठ वर्षांहून मोठ्या व ऐंशी वर्षांहून लहान माणसांस सांगितलेला आहे. बालक व अतिवृद्ध यांस त्यांतून मोकळें ठेविलें आहे. उपवास म्हणजे पोटाला कुलूप लावणें एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत नाहीं. पापापासून परतून सद्गुणांच्या सहवासांत राहणें, असा त्याचा अर्थ त्यांनीं केलेला आहे.

वैद्यकानेंहि या विषयाचा विचार स्वतंत्रपणें केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत बाविसावा अध्याय लंघन आणि बृंहण यांवर आहे. लंघन म्हणजे शरीरास लघुता आणणारी क्रिया. तिचे दहा प्रकार चरकानें सांगितले, आणि त्यांत उपवास हा केवळ एक. तहान सोसणें हा त्यांतच निराळा मोजलेला आहे. भूक मारणें आणि तहान मारणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें ज्या सूक्ष्म बुद्धीनें त्यानें जाणलें, तिचें आज कौतुक वाटतें. याहून महत्त्वाचें म्हणजे लंघनाचा अतिरेक झाला तर काय होतें, याचीं लक्षणें त्यानें दिलीं आहेत : सांधे फुटल्यासारखे होणें, तोंडाला कोरड, अतिशय तहान, कानाडोळ्यांची शक्ति मंदावणें, मनाचा गोंधळ, अंधारून येणें. देवघराच्या उंबऱ्यावर पडलेल्या आत्याबाईंचेंच हें वर्णन नव्हे काय? मात्र चरकापाशीं नाडीवर ठेवावयास बोटें होतीं, आंकडा सांगणारें यंत्र नव्हतें. तें यावयास पुष्कळ शतकें लागलीं.

रक्ताचा दाब प्रथम मोजला तो एका धर्मोपदेशकानें. इंग्लंडांतील टेडिंग्टन गांवचा पाद्री स्टीफन हेल्स यानें घोडीच्या धमनींत पितळेची नळी बसवून तिला एक उंच कांचेची नळी जोडली. रक्त त्या नळींत आठ फूट तीन इंच उंच चढलें. १७३३ सालीं त्यानें हा प्रयोग प्रसिद्ध केला. परंतु आठ फुटांची नळी घेऊन कोणाच्या घरीं जावें? १८२८ सालीं प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञानें पारा वापरला. पारा रक्ताहून कितीतरी जड. त्यामुळें फुटांचें काम मिलिमीटरांवर आलें, आणि दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगण्याची रीत तेव्हांपासून पडली. तथापि धमनी उघडावी लागेच. ती अडचण १८९६ सालीं इटलींतील रिवा-रोच्ची यानें दूर केली. दंडाभोंवतीं हवा भरलेला पट्टा आवळावयाचा आणि मनगटाची नाडी कोणत्या दाबास बंद पडते तें पाहावयाचें, ही त्याची युक्ति. पुढें १९०५ सालीं कोरोत्कोव या रशियन शस्त्रवैद्यानें पट्ट्याखालीं श्रवणनलिका लावून पाहिली, आणि त्याला दोन क्षण ऐकूं आले : आवाज सुरू होण्याचा व आवाज बंद होण्याचा. पहिला तो वरचा आंकडा, हृदय आकुंचन पावतें तेव्हांचा. दुसरा तो खालचा, हृदय विसावतें तेव्हांचा. आज बुलढाण्याच्या कोणत्याहि दवाखान्यांत दंडाला पट्टा बांधतात, त्यामागें या चौघांची अशी पावणेदोनशें वर्षांची परंपरा आहे.

यंत्र हातीं आलें, तेव्हां उपवास करणारीं माणसेंहि पाहिजे होतीं. युरोपांत त्या काळीं पैशासाठीं उपवास करून दाखविणारे लोक असत. जोव्हान्नी सुच्ची नांवाच्या अशा एका इटालियन गृहस्थाचा तीस दिवसांचा उपवास लुच्यानी या शरीरशास्त्रज्ञानें १८८८ सालीं फ्लॉरेन्स येथें बारकाईनें पाहिला. १९१२ सालीं माल्टा बेटांतील लेव्हान्झिन हे गृहस्थ अमेरिकेंत बॉस्टन येथील प्रयोगशाळेंत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्या देखरेखीखालीं एकतीस दिवस केवळ शुद्ध पाण्यावर राहिले. त्यांचें वजन सुमारें साठ किलोवरून सत्तेचाळिसांवर आलें. रक्तदाबहि उतरत गेला. १९२३ सालीं गॅम्बल व त्यांचे सहकारी यांनीं उपाशी माणसाच्या लघवींतून कोणते क्षार किती जातात, याचा हिशेब मांडला. त्यावरून दिसून आलें, कीं उपवासाच्या पहिल्या दिवसांत शरीरांतून सोडियम, म्हणजे मिठाचा मुख्य अंश, पुष्कळ बाहेर पडतो, आणि त्याच्या मागोमाग पाणी जातें.

हें कसें घडतें, तें साध्या शब्दांत असें सांगतां येईल. जेवणानंतर यकृतांत साखरेचा एक सांठा होतो. तो सुमारें एक दिवसभर पुरतो. अन्न आलें नाहीं कीं रक्तांतील इन्सुलिन उतरतें. इन्सुलिनचें एक काम असें, कीं तें मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवण्यास सांगतें. तो हुकूम सैल झाला कीं मूत्रपिंड मीठ सोडूं लागतें. पुढें चरबी जळूं लागली, म्हणजे जीं आम्लें तयार होतात, तींहि सोडियम बरोबर घेऊन बाहेर जातात. पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन झपाट्यानें उतरतें आणि उपास करणारा हर्षित होतो. त्यांतील बराच भाग चरबीचा नसून पाण्याचा असतो. पाणी कमी, म्हणजे नळ्यांतून वाहणारें रक्त कमी, म्हणजे दाब कमी. याला आणखी एक कारण जोडलें जातें. १९७७ सालीं यंग व लँड्सबर्ग यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें, कीं उपासांत हृदयाला चाबूक मारणाऱ्या मज्जातंतूंचें काम मंदावतें. शरीर काटकसरीनें संसार करूं लागतें, असें म्हणा.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. दाब उतरला म्हणजे प्रकृति सुधारली, असें समीकरण कोणीं मांडूं नये. आमच्या वऱ्हाडानें सक्तीचा उपवासहि पाहिलेला आहे. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा, हे दोन दुष्काळ वऱ्हाडाच्या सर्व जिल्ह्यांस भोंवले. तेव्हां कामावर खडी फोडणाऱ्या माणसाचा दाब कोणीं मोजला नाहीं. पण तो काय झाला असेल, याची कल्पना दुसऱ्या एका प्रयोगावरून येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठांत आन्सेल कीज यांनीं छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनें, चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें. विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला पंचावन्नावरून पस्तिसांच्या आसपास आली. दाबहि खालीं गेला. परंतु तीं माणसें खिन्न झालीं, थंडीनें कुडकुडूं लागलीं, अन्नावांचून त्यांना दुसरें कांहीं सुचेना. त्यांच्या यंत्रावरचा आंकडा उत्तम होता. माणसें मात्र उत्तम नव्हतीं. स्वेच्छेनें एक दिवस उपाशी राहणारा आणि निरुपायानें सहा महिने उपाशी राहणारा, या दोघांचा दाब एकाच दिशेनें जातो. पण एकास आपण व्रत म्हणतों आणि दुसऱ्यास आपत्ति म्हणतों, तें योग्यच आहे.

याच्या उलट दुसरा भ्रम असा, कीं नेमानें उपास करणाऱ्याला रक्तदाबाचा विकार होतच नाहीं. याचें खंडन करावयास वर्ध्यापर्यंत गेलें तरी पुरे. महात्मा गांधी सेवाग्रामीं राहत, आणि उपवास हा त्यांच्या जीवनाचाच भाग होता. १९३२ च्या सप्टेंबरांत येरवड्याच्या तुरुंगांत, १९३३ च्या मे महिन्यांत पुण्यास एकवीस दिवस, आणि १९४३ सालीं १० फेब्रुवारीपासून ३ मार्चपर्यंत आगाखान महालांत पुन्हां एकवीस दिवस, असे त्यांचे तीन मोठे उपवास आपल्या महाराष्ट्रांतच झाले. मिताहारी, बिनमिठाचे प्रयोग करणारे, रोज मैलोगणती चालणारे असे ते. तरी त्यांचा रक्तदाब १९३७ च्या ऑक्टोबरांत १९४ वर १३० व १९४० च्या फेब्रुवारींत २२० वर ११० असा नोंदला गेला. त्यांच्या प्रकृतीच्या या नोंदी २०१९ सालीं प्रसिद्ध झाल्या आहेत. चिंता, जागरण, वय आणि आनुवंशिकता यांपुढें उपवासाचें पुण्य नेहमींच पुरें पडतें असें नाहीं.

मग निरोगी माणसाच्या धार्मिक उपवासाविषयीं आज काय सांगतां येतें? या बाबतींत सर्वांत अधिक अभ्यास झाला आहे तो रमजानच्या रोज्यांचा, कारण तेथें कोट्यवधि माणसें एकाच वेळीं, एकाच नियमानें, महिनाभर उपवास करतात. लंडनमधील पांच मशिदींत येणाऱ्या ८५ व्यक्तींचा रक्तदाब रमजानच्या आधीं व अखेरीस मोजून एक अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. वरचा आंकडा सरासरी सुमारें सात मिलिमीटरांनीं व खालचा सुमारें साडेतीन मिलिमीटरांनीं उतरलेला आढळला. त्याच अभ्यासकांनीं इतरत्र झालेले असे ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत तीन हजारांहून अधिक माणसें होतीं. तेथें उतार याहून लहान निघाला, वरच्या आंकड्यांत सुमारें तीन व खालच्यांत सुमारें दोन. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं लंडनच्या अभ्यासांत हा उतार वजन घटल्यामुळें झाला असें म्हणतां आलें नाहीं. वजनाचा हिशेब वजा केला तरी तो उरलाच.

तीन ते सात मिलिमीटर, श्रोतेहो! हा आंकडा लहान आहे; पण नगण्य नाहीं. निरोगी मनुष्याचा दाब साधारणतः १२० वर ८० च्या आंत असावा, असें मानतात. त्यांतून चार-पांच अंश उतरले तर त्याला कांहीं जाणवतहि नाहीं, कारण उभें राहतांच पायांकडे उतरणारें रक्त वर रेटण्याची योजना शरीरांत उपजतच आहे. म्हणून निरोगी प्रौढ माणसाला एका दिवसाच्या उपवासानें भय नाहीं, आणि मोठा लाभहि नाहीं. महिनाभराच्या रोज्यांनीं थोडा उतार पडतो. तो पुढें टिकतो किती, हें मात्र त्या माणसाच्या रोजच्या ताटावर अवलंबून आहे. सणाच्या दिवसापासून पुन्हां पूर्वींचेंच खाणें सुरू झालें, तर उतरलेला दाब पाहुण्यासारखा आला तसा निघून जातो.

आणि ताटाची गोष्ट निघाली आहे, तर आपल्या फराळाकडेहि पाहूं. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनीं आपल्यावरच केली आहे. साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप, वर हिरवी मिरची. हें ताट आपण सनातन समजतों. परंतु बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं. १४९२ नंतर दर्यावर्द्यांनीं जगभर फिरविलीं. हेमाद्रि पंडितानें यांतलें एकहि पाहिलें नव्हतें. साबुदाण्याचे कारखाने तर दक्षिणेंत सेलमच्या बाजूस १९४० नंतर उभे राहिले. तेव्हां ज्या उपासानें दाब उतरतो असें म्हणावें, त्या दिवशीं आपण तुपांत परतलेला पिष्टमय पदार्थ आणि खारे शेंगदाणे खात असूं, तर मूत्रपिंडाला मीठ सोडण्याचा हुकूम मिळणार कसा? पुष्कळांची समजूत अशी, कीं उपासाचें मीठ, म्हणजे सैंधव, हें निरुपद्रवी. सैंधव खाणींतलें, पवित्र, सर्व खरें. पण तेंहि बहुतांशीं तेंच सोडियम क्लोराइड आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाला पांच ग्रॅमांहून कमी मीठ सांगितलें आहे. त्या पांच ग्रॅमांत सैंधवाचीहि गणना होते. याउलट आपल्या आजींच्या काळीं कांहीं घरांत अळणी सोमवार पाळीत, चातुर्मासांत मीठ सोडीत. रक्तदाबाच्या दृष्टीनें तो जुना, बेचव उपास आजच्या चवदार उपासाहून अधिक शहाणपणाचा होता, हें कबूल केलें पाहिजे.

आमच्या घाटाखालच्या भागाला मिठाचा आणखी एक पैलू आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून जो पट्टा जातो, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीखालचें पाणीच खारें. पूर्वीं या खोऱ्यांत खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत. म्हणूनच १९३० सालीं, समुद्रापासून इतक्या दूर, अकोला जिल्ह्यांतील दहीहांड्यास मिठाचा सत्याग्रह करतां आला. देशाच्या इतिहासांत हें पाणी असें धन्य झालें. पण शरीराच्या इतिहासांत त्याची कथा निराळी आहे. संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूच्या गांवांतून मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार दीर्घकाळ ऐकूं येत आहे. वान धरणाचें गोडें पाणी नळावाटे अनेक गांवांत आलें, ही मोठी सोय झाली. तथापि जेथें अजून विहीर किंवा कूपनलिका हाच आधार आहे, तेथें मनुष्य ताटांतलें मीठ सोडतो आणि तांब्यांतलें पितो. अशा ठिकाणीं उपासाच्या दिवशींचें पाणी गोडें असावें, याची काळजी घेणें हें मीठ सोडण्याइतकेंच अगत्याचें आहे. आणि ज्याचें मूत्रपिंड मुळांतच दुबळें आहे, त्यानें कोरडा उपवास करणें म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट चालविणें होय.

आतां आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. त्यांची गोळी ही लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकून दाब उतरविणारी होती. उपवासहि तेंच करीत होता. वर ज्येष्ठाचें ऊन घामावाटे तेंच करीत होतें. पाण्याचा एक थेंबहि आंत जात नव्हता. अशा स्थितींत तासभर मांडी घालून पोथी वाचावयाची आणि एकदम उठावयाचें! निरोगी शरीर ज्या युक्तीनें तोल सांवरतें, ती युक्ति गोळीनें व वयानें आधींच सैल केलेली. तेव्हां उत्तर असें, कीं गोळीनेंहि पाडलें नाहीं आणि उपासानेंहि नाहीं. दोघांची गांठ घालून न देतां दोन्ही एकाच दिवशीं घेतलीं, त्यानें पाडलें. औषधानें उपासाची खबर घेतली नव्हती आणि उपासानें औषधाची.

यावरून घरांत पाळावयाचा नियम निघतो तो असा. ज्याला रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यानें उपवासाच्या आधीं आठ दिवस डॉक्टरांस तिथि सांगावी. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलावयाची असेल तर ती त्यांनीं बदलावी, आपण नव्हे. गोळी मनानें बंद करणें हा दुसऱ्या बाजूचा तितकाच मोठा धोका आहे. दाब मोजावयाचा तर पांच मिनिटें स्वस्थ बसून मोजावा. आणि वृद्ध माणसाचा एकदां उभें करूनहि मोजावा, कारण उपासांतला खरा चोर उभें राहिल्यावर सांपडतो. उठतांना आधीं बसावें, मग उभें राहावें. गरोदर स्त्रीनें व दुखणेकऱ्यानें कोरडा उपवास करूं नये.

असें सांगितलें कीं ज्येष्ठ मंडळी विचारतात, "मग व्रताचें काय?" या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार वैद्यकाला नाहीं, पण धर्माला आहे, आणि त्यानें तें केव्हांच देऊन ठेविलें आहे. इस्लामांत आजारी माणसाला व प्रवाशाला रोज्याची सूट आहे. ते दिवस मागाहून भरून काढतां येतात. जैनांच्या प्रत्याख्यानांत 'आगार' म्हणून अपवाद आधींच राखून ठेवण्याची पद्धति आहे. आणि आपल्या धर्मशास्त्रांत, ज्यांनीं व्रत मोडत नाहीं अशा आठ गोष्टींची एक यादी परंपरेनें चालत आली आहे. त्यांत पाणी आहे, कंदमूळ, फळ आणि दूध आहे, होमद्रव्य आहे, ब्राह्मणाची इच्छा आणि गुरूचा शब्द आहे, आणि शेवटीं औषध आहे. ज्या शास्त्राच्या धाकानें आत्याबाईंनीं गोळी कोरडी गिळली, त्याच शास्त्रानें पाणी आणि औषध दोहोंनाहि शेंकडों वर्षांपूर्वींच निर्दोष ठरविलें होतें. तें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें, एवढेंच.

पुढच्या वर्षीं निर्जला एकादशीच्या आधीं मीं त्यांना ही यादी सांगितली. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला नाहीं. भाच्याच्या विद्वत्तेची त्यांना पहिल्यापासून शंकाच आहे. त्यांनीं गांवच्या पुराणिकबुवांस बोलावून विचारलें. बुवांनीं यादी बरोबर असल्याचें सांगितलें, आणि वर म्हणाले, "आत्याबाई, पाणी घेत जा." तेव्हांपासून त्या एकादशीच्या पहाटे डॉक्टरांनीं ठरवून दिलेली गोळी पेलाभर गोड्या पाण्याबरोबर घेतात, दिवसांतून चार-पांच वेळां पाणी पितात, पोथी पाटाऐवजीं खुर्चीवर बसून वाचतात, आणि संध्याकाळपर्यंत हिंडत्याफिरत्या असतात. त्यांच्या हिशेबानें त्यांची एकहि एकादशी अजून मोडलेली नाहीं. आणि मला वाटतें, त्यांचा हिशेब बरोबर आहे.